वरंध्याच्या घाटात बुलेटला दम लागतो तेव्हा...

‘वीकेंडला काय प्लॅन?’ या प्रश्नाची पुण्यात ठरलेली उत्तरं आहेत. लोणावळा, सिंहगड, नाहीतर दुपारी बारापर्यंत डोक्यावरून पांघरूण. या वेळी माझं उत्तर जरा वेगळं होतं. निरोप समारंभ!

निरोप द्यायचा होता बाबांच्या बुलेटला. १९८६ची, काळी, ३५० सीसी. माझ्यापेक्षा वयानं मोठी. तिच्या टाकीवर बसून मी बालवाडीत गेले आणि कॉलेजला असताना रेसकोर्सच्या मागच्या रस्त्यावर तिच्यावरूनच पहिल्यांदा धडपडले. पण या वर्षी बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. किक मारणं बंद. गाडी तीन महिने पार्किंगमध्ये कव्हराखाली झोपून. शेवटी एक दिवस जेवताना बाबा म्हणाले, “देऊन टाकू तिला. रविवारी संध्याकाळी एक जण बघायला येतोय.” आणि मग, ताटाकडे बघतच, “त्याआधी एकदा बिरवाडीला नेऊन आण. आत्यालाही भेटून होईल.”

बिरवाडी म्हणजे महाडजवळचं आमचं गाव. दरवर्षी दिवाळीनंतर बाबा आणि ही गाडी भोरमार्गे वरंधा घाट उतरून तिथे जायचे. या वेळी ड्रायव्हर मी.

शहाणी मुलगी

आता जुनी बुलेट म्हणजे काय प्रकरण असतं, ते ज्यांनी फक्त बटण दाबून गाडी सुरू केलीये त्यांना थोडं सांगायला हवं. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. दुसऱ्या कुठल्याही बाइकवरून उतरून हिच्यावर बसलं की पहिला किलोमीटर देवाचं नाव घेत जायचं. सुरू करायला आधी अँपिअरच्या काट्याकडे बघायचं, मग डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन बरोबर जागेवर आणायचा आणि मग एकच शांत, पूर्ण किक. रागानं मारलेली किक ही गाडी परत करते. पायाला!

मूळची इंग्लंडची ही बुलेट १९५५पासून आपल्याकडे चेन्नईत जुळवायला आणि पुढे बनवायला लागले. हे ओतीव लोखंडाचं इंजिन पुढे काही दशकं फारसं बदललंच नाही. त्यामुळे काय होतं, की काकापासून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत प्रत्येकाला ते कळतं असा प्रत्येकाचा समज असतो. माझाही होता.

शुक्रवारी रात्री मी कव्हर काढलं, हवा भरून आणली, चेनला तेल दिलं आणि इंजिन ऑइलचं झाकण उघडून आतली पट्टी पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली! तीन महिन्यांत एवढं तेल कुठे गेलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी सरळ अर्धा लिटर ओतलं, पट्टी पुन्हा पाहिली आणि स्वतःवर खूश होऊन झोपायला गेले.

भोरपर्यंत झक्कास

पहाटे साडेपाचला निघाले. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळला उजवीकडे वळलं की हायवेचा गोंगाट एकदम मागे राहतो. भोरच्या अलीकडे नीरा नदी डोंगराला वळसा घालते, त्याला हल्ली सगळे ‘नेकलेस पॉइंट’ म्हणतात. तिथे सेल्फीवाल्यांची गर्दी व्हायच्या आत पोचायचं. धुकं होतं, ऊन नुकतं येत होतं आणि गाडी तिच्या त्या सुप्रसिद्ध ठेक्यात ‘धग् धग् धग्’ करत होती. अगदी खरं सांगते, त्या क्षणी ती विकायचा विचार कसा काय केला, असं वाटलं.

भोरला राजवाड्याच्या जवळ चहा-पोहे झाले. पार्किंगमध्ये गाडीखाली तेलाचे चार-पाच थेंब दिसले. जुन्या बुलेटखाली तेल नसेल तर आत तेल नाही असं समजावं, हा जोक मला पाठ होता. मी हसले आणि किक मारली.

भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी रस्त्याला चिकटून चालत राहतं. डावीकडे-उजवीकडे भातकापणी झालेली खाचरं, पेंढ्यांचे रचलेले ढीग, मध्येच हिर्डोशीसारखं एखादं गाव. अधूनमधून रस्ता उखडलेला आणि लाल धुळीचा. दर वळणावर थांबावंसं वाटतं. आमची गाडी मात्र वळण सोडून भलतीकडेच थांबायला लागली.

आधी तिसऱ्या गिअरला ओढेना. मग थ्रॉटल दिला की पुढे जायच्याऐवजी ‘भस्स’ असा आवाज. आरशात बघते तर मागे काळसर-निळा धूर. भोरकडून येताना वरंध्याचा चढ तसा लाडिक आहे, खरा घाट पलीकडे महाडच्या बाजूला उतरतो. त्या लाडिक चढालाही आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, एखाद्या दमेकरी आजोबांसारखे धापा टाकत निघालो होतो. मागून दुधाचा टेम्पो आला आणि आम्हाला ओव्हरटेक करून गेला. बुलेटसाठी याहून मोठा अपमान नाही.

वाघजाईचा दवाखाना

घाटमाथ्यावर वाघजाईचं देऊळ आहे. समोर भज्यांच्या टपऱ्या, टपऱ्यांवर टपून बसलेली माकडं आणि खाली कोकणात कोसळणारी दरी. याच दरीच्या पोटात शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला, असं मानतात. मी मात्र कुठलाच बोध घेण्याच्या मूडमध्ये नव्हते. गाडी देवळासमोर येऊन बंद पडली. सीटखालच्या पाइपमधून, जोडांमधून तेल झिरपत होतं. बूट तेलकट. जीन्सची वाट लागलेली.

मघाचा टेम्पोवाला दादा तिथेच चहा पीत होता. त्यानं लांबूनच एक नजर टाकली. “ताई, गाडीला दम लागलाय तुमच्या.” मग जवळ येऊन एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं. आतला कागदी फिल्टर तेलात बुडवून काढलेल्या पुरीसारखा दिसत होता.

मोबाइलला रेंज नव्हती. टपरीवाल्या मावशींनी सांगितलं, “त्या कठड्यावर चढ, कोपऱ्याला. तिथं एक कांडी येते.” चढले. बाबांनी पहिल्या रिंगला फोन उचलला. जणू हातातच धरून बसले होते.

“धूर कुठल्या रंगाचा?” पहिला प्रश्न. मी कशी आहे, वगैरे काही नाही!

“काळा. थोडा निळा पण.”

“प्लग काढून बघ.”

काढला. काळाकुट्ट, ओला. काळा धूर आणि काजळलेला प्लग म्हणजे इंजिनाला पेट्रोलच्या मानानं हवा कमी पडतेय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. दोन्ही एकदम, याचा अर्थ तेल हवेच्या वाटेनंच आत जातंय.

“तेल कधी पाहिलंस?”

“काल रात्री.”

“गाडी चालवून आल्यावर, की उभ्या गाडीचं?”

मी गप्प. दरीतून वारा वर येत होता. कठड्यावरचं माकड माझ्याकडे बघत होतं.

“अगं, किती ओतलंस?”

“अर्धा लिटर.”

पलीकडून एक मोठ्ठा श्वास ऐकू आला. ओरडतील असं वाटलं होतं, पण बाबा चक्क हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच इतक्या मोकळेपणानं.

तेल गेलं नव्हतंच

मग त्या एका कांडीच्या रेंजवर माझी शाळा झाली. या बुलेटमध्ये तेलाचा साठा इंजिनाच्याच ओतीव भागात, वेगळ्या कप्प्यात असतो. एक पंप तिथलं तेल इंजिनात पाठवतो, दुसरा पंप खाली जमलेलं तेल परत कप्प्यात आणतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की साठ्यातलं तेल पंपातून थेंबथेंब झिरपत क्रँककेसमध्ये जाऊन बसतं. पट्टी बघावी तर तेल कमी. प्रत्यक्षात ते कुठेही गेलेलं नसतं, खालच्या मजल्यावर राहायला गेलेलं असतं! गाडी चालली की पंप ते वर परत आणतो. आणि वर कुणीतरी शहाण्या मुलीनं आधीच अर्धा लिटर भरून ठेवलेलं असतं.

आता हे जास्तीचं तेल जाणार कुठे? तर ब्रीदरमधून बाहेर. ब्रीदर म्हणजे इंजिनाचं नाक. ७० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन ९० मिलिमीटर खाली येतो, तेव्हा वरती पेट्रोल-हवा ओढतो हे आपल्याला शाळेत शिकवतात. पण त्याच वेळी तो खालची, क्रँककेसमधली हवाही तेवढीच दाबत असतो. सुमारे ३४६ सीसी. मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला ५० वेळा! ही हवा बाहेर पडायला एक पाइप असतो आणि तिला परत आत येऊ न देणारी एकेरी झडप. झडप नीट असेल तर क्रँककेसमध्ये दाब साठत नाही आणि तेल जोडांमधून बाहेर यायचं बंद होतं. तेल जास्त झालं, की हवेबरोबर तेच पिचकारीसारखं बाहेर येतं.

आमच्या गाडीवर मधल्या काळात कुठल्याशा गॅरेजमध्ये हा पाइप थेट एअर फिल्टरच्या डब्यात नेऊन जोडला होता. म्हणजे इंजिनानं ओकलेलं तेल इंजिनाच्याच नाकातोंडात. दोष बिचाऱ्या बुलेटचा नव्हताच.

“मी पाइपच्या तोंडात फडकं कोंबलंय,” मी अभिमानानं सांगितलं. “आता तेल येत नाहीये.”

“काढ! आत्ताच्या आत्ता काढ!” हे मात्र ओरडून. “तुझं नाक दाबलं तर चालेल का? दाब कुठून तरी बाहेर पडणारच. सगळे सील फाडून तेल येईल.”

काढलं.

पुढचा तास मी, टेम्पोवाला दादा आणि फोनवरचे बाबा अशा तिघांनी मिळून काम केलं. एका सूचनेसाठी कठड्यावर, ती अमलात आणायला गाडीपाशी, अशा माझ्या फेऱ्या. मावशींनी दिलेली पाण्याची रिकामी बाटली कापून तेलाच्या कप्प्याखाली धरली आणि ड्रेन नट जपून सैल केला. गरम तेल हातावर घ्यायची हौस नसेल तर आधी इंजिन थंड होऊ द्या. तेवढ्यात दोन प्लेट भजी होतात. जवळजवळ अर्धा लिटर तेल काढलं. ब्रीदरचा पाइप फिल्टरच्या डब्यातून उपटून मागच्या टायरपासून लांब, खाली बांधला. टायरवर तेल उडालं तर घाटातलं पहिलंच वळण शेवटचं ठरू शकतं. डब्याला जे भोक उरलं, त्याला दादानं लाकूड तासून बूच मारलं. फिल्टर भज्यांच्याच वर्तमानपत्रात गुंडाळून दाबला, कागद बदलून पुन्हा दाबला. पाचव्या कागदावर तेलाचा डाग फिकट झाला. प्लग घासून बसवला.

“फिल्टर काढूनच टाकू का?” मी विचारलं होतं.

“धुळीच्या रस्त्यावर? त्या धुळीनं पिस्टन आणि सिलिंडर घासून निघतील. तात्पुरता का होईना, बसव. आणि हळू जा.”

किक मारली. दोन वेळा खोकली. तिसऱ्यांदा ‘धग्’. मग ‘धग् धग्’. टपरीवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादानं पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. तो बिरवाडीचाच निघाला. बाबांना ओळखत नव्हता, पण म्हणाला, “ती काळी बुलेट ना? दिवाळी झाली की येते ती. वळखली मी.”

फुंकून बघ

रविवारी घाट चढून परत आले. महाडच्या बाजूचा खरा, उभा चढ. गाडी हळू चालली, पण थांबली नाही. घरी पोचले तेव्हा बाबा काठी घेऊन गेटवर उभे. गिऱ्हाइकाचं काय झालं, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “मंगळवारी नाना पेठेत जायचंय. रिक्षानं.”

नाना पेठ म्हटलं की पुण्याबाहेरच्यांना नाना फडणवीस आठवतील. पालखीच्या दिवसांत तुकोबांचा मुक्काम जिथे असतो ते निवडुंग्या विठोबाचं देऊळही इथलंच. पण टू-व्हीलरवाल्या पुणेकराला नाना पेठ म्हणजे स्पेअर पार्ट्‌स. हारांसारख्या टांगलेल्या चेन, भिंतभर आरसे, रंगीत केबलची भेंडोळी आणि ‘जुन्या गाडीचं आहे का हो?’ असं विचारत फिरणारे माझ्या बाबांसारखे लोक.

एका बोळातल्या उस्तादांनी आमचा पाइप हातात घेतला आणि टोकाचं रबर दाखवलं. बदकाच्या चोचीसारखं असतं ते, म्हणून त्याला ‘डकबिल’च म्हणतात. उन्हापावसानं कडक होऊन चिरलं होतं. चोच मिटतच नव्हती. उस्तादांनी गल्ल्यातून एक नवीन रबर काढलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

“फुंकून बघ, बेटा.”

फुंकलं. हवा आरपार गेली.

“आता ओढ.”

ओढली. चोच गपकन मिटली. श्वासही घेता येईना.

“बस्. इतनाच काम है इसका. बाहेर सोडायचं, आत घ्यायचं नाही.”

आख्ख्या इंजिनाचा तोल त्या बोटभर रबरावर! नवीन डकबिल, नवा पाइप, दोन क्लिपा, तेल साठायला एक छोटी डबी आणि नवा कागदी फिल्टर. सगळ्याचं बिल माझ्या एका मल्टिप्लेक्सच्या शनिवारपेक्षा कमी झालं. नव्या गाड्यांत ब्रीदरचा धूर मुद्दाम एअर फिल्टरच्या डब्यात नेतात, तो बाहेरच्या हवेत मिसळू नये म्हणून. कल्पना चांगलीच आहे. पण मध्ये तेल वेगळं करायची सोय हवी, एवढंच आमच्या गाडीत कुणी पाहिलं नव्हतं. उस्तादांनी इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये झडप आणि डबी बसवायला सांगितलं. “महिन्यातून एकदा डबी रिकामी करायची. विसरायचं नाही.”

बाबा स्टुलावर बसून ऐकत होते. मग त्यांनी खिशातून वही काढली आणि तारखेसकट सगळं लिहून घेतलं. या वहीत १९८६पासूनचं प्रत्येक ऑइल चेंज आहे, हे मला तेव्हा कळलं. शेवटची नोंद ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातली. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘तेल जास्त. वरंधा.’ आणि पेन माझ्याकडे दिलं. “पुढचं तू लिही.”

बुधवारी पार्किंगमध्ये बाबा खुर्चीवर आणि मी जमिनीवर. पाना मागितला की ते पाना द्यायचे. नंबर सांगायच्या आधीच. सगळं बसवून झालं, किक मारली, पाइपच्या तोंडाशी हात धरला. हलकी फुंकर येत होती, ठेक्यात. हात कोरडा.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. गाडी बघायला येणार होता तो माणूस.

“नाही हो,” बाबा म्हणाले, “इतक्यात नाही जमणार. सर्व्हिसिंगला आहे.”

कधीपर्यंत, असं पलीकडून विचारलं असावं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “ते मुलीला विचारावं लागेल.”

तुमच्याकडेही जुनी गाडी असेल तर

- तेल बघताना: बुलेटसारख्या वेगळ्या साठ्याच्या इंजिनात गाडी आधी पाच-दहा मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मेन स्टँडवर सरळ उभी करून मगच पट्टी बघा. वरच्या खुणेच्या वर कधीच नाही. इतर गाड्यांची पद्धत वेगळी असू शकते. मॅन्युअल वाचा.
- धुराचा रंग: काळा म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. निळसर म्हणजे तेल जळतंय. आधी फिल्टर बघा, मग कार्ब्युरेटरला हात लावा.
- फिल्टर: कागदी असेल तर पेट्रोलनं धुऊ नका. तेलानं भिजला की बदला. स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, अगदी हलका तेलाचा हात देऊन बसवता येतो.
- ब्रीदरचा पाइप: कुठे दुमडलाय, चिरलाय, तुंबलाय का ते बघा. तोंड कधीही बंद करू नका आणि ते मागच्या टायरकडे वळलेलं नको.
- काढलेलं तेल: घाटात ओतू नका. बाटलीत भरून परत आणा, गॅरेजला द्या.
- वरंधा घाट: पावसाळ्यात दरडींमुळे तो अनेकदा वाहतुकीला बंद ठेवतात. निघण्याआधी चौकशी करा. पेट्रोल भोरलाच भरा. आणि वाघजाईला रेंज हवी असेल तर कठड्याचा कोपरा. माकडाला थोडं सरकायला सांगा.